बंबाच्या वाटेत न येणारे शिल्प: तालुक्याच्या अग्निशमन केंद्रासाठी शिल्परचना कशी करावी

विदर्भातील तालुक्याच्या गावात अग्निशमन केंद्र म्हणजे बहुधा बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या रस्त्यावरील एकमजली इमारत असते. एक-दोन बंब मावतील एवढे गाळे, बाजूला पाण्याची टाकी आणि पुढे काँक्रीटचे मोकळे अंगण, एवढाच तिचा पसारा. इमारत पूर्ण होत आली की अंदाजपत्रकात ‘सुशोभीकरण’ या शीर्षाखाली थोडी रक्कम उरलेली दिसते आणि त्या रकमेतून अंगणात काहीतरी उभारावे असे ठरते. हे ‘काहीतरी’ पुष्कळदा फायबरच्या लाल-पिवळ्या ज्वाळा किंवा हातात पाइप घेतलेला फायबरचाच जवान असते. दोन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो, तिसऱ्या पावसाळ्यात हाताचे बोट तुटून आतील जाळी दिसू लागते आणि मग पुढच्या सुशोभीकरणाची वाट पाहिली जाते.

शिल्पकार, नगरपंचायतीचे अभियंते आणि सुजाण नगरसेवक यांना एकत्र बसून वापरता यावा, अशा बेताने हा लेख लिहिला आहे. यातील पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे की कल्पनेचा विचार तिसऱ्या पायरीवर येतो. चौकात किंवा बागेत शिल्प करताना कल्पनेपासून सुरुवात केली तरी चालते. अग्निशमन केंद्रात मात्र आधी बंबाची वाट आणि मग शिल्प, हा क्रम मोडता येत नाही.

पहिली पायरी: बंब कसा निघतो ते पाहणे

केंद्रात पहिल्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन जाऊ नये. फक्कीची, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या पुडीची पिशवी, मोजपट्टी आणि चार-पाच रिकामी खोकी घेऊन जावे. केंद्रप्रमुखांच्या परवानगीने बंब गाळ्यातून काढून रस्त्यावर दोन्ही दिशांना वळवायला सांगावे, तो परत आणून गाळ्यात मागे घ्यायला सांगावे आणि प्रत्येक वेळी चारही चाकांच्या वाटा फक्कीने आखून घ्याव्यात. नेहमीच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असते, म्हणजे साडेचार टन वजन नुसत्या पाण्याचे. गाडीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास भरते. आरसे आणि शिडी धरून ती थोडी अधिकच मोजावी.

या पाहणीत शिल्पकाराची चूक ठरलेली असते, आणि मीही ती केली आहे. एका केंद्रात पुढची चाके कुठून जातात एवढे पाहून मी फाटकाच्या डाव्या कोपऱ्यात चौथऱ्याची जागा धरली आणि तिथे एक खोके ठेवले. बंब चालवणाऱ्या ज्येष्ठ चालकांनी काचेतून मान बाहेर काढली आणि म्हणाले, “साहेब, ते खोकं उचला. मांगचं चाक तिथूनच जाते.” मी उचलले नाही, कारण पुढचे चाक तिथून चांगले चार फूट दूर गेलेले मी पाहिले होते. गाडी वळली आणि मागच्या जोडचाकाने खोके सपाट करून टाकले. लांब गाडीचे मागचे चाक वळणावर नेहमी आतल्या बाजूने कापत जाते आणि गाडी जितकी लांब तितके ते अधिक आत येते. हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही, खोके चिरडल्यावर राहते. तेव्हापासून चालक हा माझ्या प्रत्येक आराखड्याचा पहिला परीक्षक असतो आणि त्याने ‘नाही’ म्हटलेल्या जागेसाठी मी वाद घालत नाही.

फक्कीच्या रेषा आखून झाल्यावर त्यांच्या बाहेर किमान एक मीटर मोकळा पट्टा सोडावा. चालक नवा असू शकतो, रात्र असू शकते, पाऊस असू शकतो. फाटकावर कमान उभारून तिच्यावरच शिल्प करावे, अशी सूचना बैठकीत हमखास येते. ती स्वीकारायची असेल तर कमानीखाली पाच मीटर मोकळी उंची ठेवावी. उद्या या केंद्राला अधिक उंचीची गाडी मिळाली तर कमान पाडावी लागू नये. माझे मत विचाराल तर कमान टाळावी. गाडीच्या वाटेवर डोक्यावर काहीही नसणे केव्हाही बरे.

दुसरी बाब नजरेची आहे. बंब रस्त्यावर येताना चालकाला दोन्ही बाजूंनी येणारी दुचाकी, बैलबंडी आणि सायकलवरचे शाळकरी मूल दिसायला हवे. फाटकाच्या दोन्ही अंगांना रस्त्यालगतच्या पट्ट्यात गुडघ्यापेक्षा उंच आणि भरीव असे काही ठेवू नये. तिसरी बाब सरावाची. डिलिव्हरी होज, म्हणजे आगीवर पाणी नेणारा पाइप, साधारण पंधरा मीटर लांबीचा असतो. तो उलगडणे, जोडणे, गुंडाळणे आणि वाळवणे यांसाठी अंगणात एक सरळ पट्टा लागतोच, आणि शिडीच्या सरावासाठी भिंतीपुढची जागाही लागते. उन्हाळ्यात टंचाई असली की पाण्याचे टँकरही याच आवारात भरायला येतात. हे सारे वगळल्यावर जी जागा उरते ती शिल्पाची. पुष्कळदा ती अंगणाच्या मध्यभागी नसते. कुंपणाच्या आतला एखादा कोपरा, टाकीपुढची जागा किंवा इमारतीची रस्त्याकडील भिंत एवढेच हाती येते, आणि त्यात काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: ऊन, माती आणि पाणी

उरलेल्या जागेवर मे महिन्यातील एक दुपार काढावी. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या धातूचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो; हात लावून ठेवता येत नाही इतका. अग्निशमन केंद्रात सहली येतात, मुले येतात, आणि हाताला लागेल ते मुले धरतातच. म्हणून मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर दगड किंवा खडबडीत काँक्रीट ठेवून धातू त्याच्या वर घ्यावा, अथवा शिल्पाला दुपारनंतर इमारतीची सावली मिळेल अशी जागा निवडावी. चकचकीत पॉलिशचे स्टेनलेस पोलाद पश्चिमेकडे तोंड करून कधीही लावू नये. संध्याकाळी चार-साडेचारला त्याचा झोत थेट बंबाच्या काचेवर येतो.

जमीन कोणती आहे हे खड्डा खणूनच पाहावे. पश्चिम विदर्भात आणि वर्धा-नागपूरकडील मोठ्या भागात काळी भारी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून इतकी भेगाळते की भेगेत हात जातो. शेतकऱ्याला या जमिनीचा स्वभाव चांगला माहीत असतो. चौथरा बांधणाऱ्या कंत्राटदाराला तो माहीत असूनही पुष्कळदा आठवत नाही. मुरूम किती खोलीवर लागतो, याची नोंद आराखड्यावर करून ठेवावी. पुढे पायाचा सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा राहतो.

तिसरी पायरी: शिल्पाने काय सांगायचे

इथे घाई करू नये. केंद्रातील वर्दीची नोंदवही मागून घ्यावी. वर्दी म्हणजे आगीची खबर. दलातील माणसे हाच शब्द वापरतात. गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी वाचल्या की या केंद्राचे खरे काम डोळ्यांपुढे येते आणि ते चित्रपटातल्या आगीसारखे नसते. जिनिंगच्या आवारातील कापसाची गंजी, सोयाबीनची सुडी, कुटाराचा ढीग, गोठा, उसाचा फड, शॉर्टसर्किटने पेटलेले किराणा दुकान, विहिरीत पडलेले जनावर, पुरात अडकलेली माणसे. पूर्वेकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातील जंगलाची आग त्यात येते. यांतील एकाही प्रसंगात ज्वाळा हा मुख्य विषय नाही. माणसांनी केलेले काम हा विषय आहे.

कापसाचेच पाहा. दाबलेल्या गाठीतील आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. पाणी आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून गाठ फोडून, उलगडून विझवावी लागते, आणि त्या कामाला रात्र जाते. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, त्याच्या मुळाशीही असाच कापूस होता. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर दारूगोळ्यासोबत कापसाच्या गाठी होत्या. जहाजाला आग लागली, दल ती विझवत असतानाच स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्यू पावले. कापसाच्या मुलखातील केंद्राने ही गोष्ट सांगताना मुंबईचे जहाज घडवण्याची गरज नाही. फुटलेली गाठ, तिच्यात खुपसलेला लोखंडी आकडा आणि वाकलेली पाठ एवढ्यातच जिनिंगमधल्या हमालाला आणि फायरमनला आपापले काम ओळखू येईल.

दुसरा विषय मला त्याहून जवळचा वाटतो. तालुक्याचा बंब पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या खेड्यात पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात आग विझवणारे गावकरीच असतात. विहिरीपासून गोठ्यापर्यंत माणसांची रांग लागते आणि गुंड (पाण्याची मोठी भांडी), बादल्या, घागरी हातोहात पुढे जातात. या रांगेचे शिल्प करता येते: एका टोकाला रहाट, मधे हातांमागून हात आणि दुसऱ्या टोकाला होजचे तोंड. पूर्ण मानवाकृती करण्याची गरज नसते; कोपरापासून पुढचे आठ-दहा हात आणि त्यांतली भांडी पुरेशी होतात. यात गावाचा वाटा दिसतो आणि दलाचाही दिसतो, आणि शिल्प पाहणारा शेतकरी केवळ प्रेक्षक राहत नाही.

विषय ठरवण्यापूर्वी दोन बैठका घ्याव्यात: एक दलातील माणसांसोबत, एक गावासोबत. दलासोबतच्या बैठकीत ‘शिल्प कसे हवे’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘भव्य’ एवढेच मिळते. ‘कोणती वर्दी विसरता येत नाही’ असे विचारावे. शिवाय कोणते साधन हातात धरल्यावर काम सुरू झाल्यासारखे वाटते, हेही विचारावे. मला एका फायरमनने जुनी ६३ मिलिमीटरची गनमेटलची कपलिंग, म्हणजे होज जोडण्याची कडी, आणून दाखवली. तिचे दोन्ही कान इतकी वर्षे अंगठ्याखाली दबून झिजले होते, कडेला ठोकलेला क्रमांक अर्धाच वाचता येत होता आणि आतल्या रबरी वायसरला अजून चिखल होता. ती तळहातावर तोलून पाहिल्यावर माझ्या वहीतील ज्वाळांची सगळी रेखाटने मी बाजूला ठेवली. साधनांची नावे आणि ती धरण्याची रीत नीट समजून घ्यायची असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात रीतसर परवानगी काढून सराव पाहावा. १९५६ मध्ये रामपूरला सुरू होऊन १९५७ मध्ये नागपूरला आलेली ही संस्था आपल्या अगदी दारात आहे. ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची झोत सोडणारी नळी, चुकीच्या हाताने धरलेला जवान शिल्पात दाखवला तर गावाला ते कळणार नाही, पण केंद्रातील माणसांना रोज कामावर येताना ती चूक दिसत राहील.

विशिष्ट व्यक्तीचा पुतळा शक्यतो टाळावा, याची कारणे पुढे परवानगीच्या भागात येतील. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कडुनिंबाखाली गुळगुळीत, उभा, काळा दगड ठेवू नये. कितीही आधुनिक अमूर्त शिल्प म्हणून ठेवला तरी पुढच्या पोळ्याच्या आत त्याला शेंदूर लागलेला असतो, आणि मग त्याची देखभाल ना नगरपंचायतीच्या हाती राहते ना शिल्पकाराच्या.

चौथी पायरी: नमुना आणि खऱ्या मापाची चाचणी

मातीचा किंवा प्लास्टरचा एक-दशांश मापाचा नमुना करावा आणि तो इमारतीच्या त्याच मापाच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीपुढे ठेवून दाखवावा. नुसता नमुना टेबलावर फार देखणा दिसतो. इमारतीपुढे ठेवला की बाहुलीएवढा होतो किंवा दारच झाकून टाकतो.

नमुना मंजूर झाल्यावर प्लायवुडची किंवा बांबू-पोत्याची खऱ्या मापाची बाह्याकृती कापून आठवडाभर जागेवर उभी ठेवावी. खर्च थोडा असतो आणि उपयोग मोठा. या आठवड्यात रात्रीची एक खरी वर्दी येऊन गेली तर सोन्याहून पिवळे. चालकाला हेडलाइटच्या उजेडात ती आकृती कशी दिसली, हे दुसऱ्या दिवशी विचारता येते. रस्त्यावरून जाणारे ‘हे काय होणार आहे’ असे विचारतात आणि केंद्रातील माणसे त्याचे जे उत्तर देतात, ते लक्ष देऊन ऐकावे. त्यांना शिल्पाची गोष्ट एका वाक्यात सांगता येत नसेल तर रचनेत काहीतरी गुंता आहे असे समजावे.

पाचवी पायरी: माध्यम निवडणे

फायबर स्वस्त आणि हलके असते, पण त्यातील रेझिन उन्हाने पिवळे पडून ठिसूळ होते आणि मुख्य म्हणजे ते जळते. अग्निशमन केंद्राच्या दारात पेट घेऊ शकणारे शिल्प ठेवण्याचे समर्थन मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

कांस्य उत्तम, पण महाग. आपल्याकडे पुतळ्यांसाठी बहुधा ८५ टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के कथील, शिसे व जस्त हा मिश्रधातू वापरतात. अंदाज बांधण्याची रीत सोपी आहे. शिल्पाचा सगळा पृष्ठभाग सहा चौरस मीटर आणि जाडी सहा मिलिमीटर धरली तर वजन सुमारे ३१५ किलो होते. त्यात वाया जाणारा धातू, आतील सांगाडा आणि ओतकामाची मजुरी मिळवावी. साच्यातील धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, त्यामुळे जुनी कपलिंग खऱ्या मापातच दाखवायची असेल तर तिचा साचा घेऊन ओतण्याऐवजी खरी कपलिंगच शिल्पात बसवणे सरस ठरते. पितळकामासाठी भंडाऱ्याचे नाव जुने आहे. हातोहात जाणाऱ्या गुंडांचे शिल्प करायचे असेल तर ती भांडी कांस्यात ओतण्यापेक्षा तिथल्या कारागिरांकडून जाड पत्र्याची ठोकून घ्यावीत. ठोक्याच्या खुणा भांड्यावर राहू द्याव्यात.

पश्चिम विदर्भात काळा पाषाण सर्वत्र मिळतो. तो कठीण असल्याने बारीक नक्षीसाठी खर्चिक ठरतो, पण टाकीने फोडलेले ठोकळे चौथऱ्यासाठी आणि बसण्याच्या कट्ट्यासाठी त्याच्याइतके टिकाऊ दुसरे काही नाही. पूर्वेकडे वालुकाश्माची परंपरा आहे. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची मंदिरे पाहिली की हा दगड किती बारकावा धरतो आणि पावसात कुठे झिजतो हे दोन्ही एकाच ठिकाणी दिसते. बस्तरकडची ढोकरा पद्धतीची, म्हणजे मेणाच्या साच्यातून केलेली ओतीव कामे लहान फलकांसाठी सुंदर दिसतात. मोठ्या आकृतीसाठी त्यांचा आग्रह धरू नये.

साधे लोखंड वापरायचे तर जस्ताचा थर आणि वर रंग, आणि दर काही वर्षांनी पुन्हा रंग, हे आधीच मान्य करावे. गंजाचा थर धरणारे कॉर्टेन पोलाद मातकट रंगामुळे आपल्या मुलखात शोभून दिसते, पण पहिल्या पावसाळ्यांत त्याचे तांबडे ओघळ खालच्या फरशीवर उतरतात; त्याच्या भोवती गिट्टीचा पट्टा ठेवावा. समुद्र दूर असल्यामुळे स्टेनलेस पोलादाची ३०४ ही साधी प्रत इथे चालते, किनाऱ्यासारखी ३१६ लागत नाही.

भंगारातील शिल्पांची आवड आता वाढली आहे. सेवाग्रामला गांधीजी आणि विनोबांची अशी मोठी शिल्पे पाहायला मिळतात. अग्निशमन केंद्राकडे तर झिजलेल्या कपलिंग, ब्रँच, नोझल, फुटके पंप आणि जुनी घंटा असा खजिनाच पडलेला असतो. मात्र त्यातील एकही वस्तू तोंडी परवानगीने उचलू नये. ती ‘जड वस्तू नोंदवही’त (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) नोंदलेली सरकारी मालमत्ता असते; तिचे रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून कमी करणे, आणि शिल्पासाठी वापरण्याचा ठराव झाल्यावरच ती हाती घ्यावी. लेखापरीक्षणात शिल्पाचे कौतुक होत नाही, गहाळ वस्तूंची वसुली निघते.

सहावी पायरी: पाया आणि सांगाडा

माझ्या सुरुवातीच्या एका कामात चौथऱ्याचा पाया तीन फुटांवर, काळ्या मातीतच थांबवला गेला. ‘एवढ्याशा वजनाला काय लागते’ असे सगळेच म्हणाले, आणि मीही गप्प राहिलो. दुसऱ्या उन्हाळ्यात शिल्प एका अंगाला झुकले. पावसाळ्यात ते जवळजवळ सरळ झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा झुकले. गावकऱ्यांनी त्याला ‘डुलणारा’ असे नाव दिले. चौथरा फोडून मुरुमापर्यंत नवा पाया घेण्याचा खर्च मूळ पायाच्या तिप्पट आला. म्हणून काळ्या जमिनीत पाया मुरुमापर्यंतच न्यावा, आणि मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा, म्हणजे अंडर-रीम्ड पाइलचा पाया करावा. त्यासाठी आयएस (भारतीय मानक) २९११ च्या तिसऱ्या भागाचे मानक आहे.

वाऱ्याचा हिशेब अभियंत्याने करायचा असतो, पण शिल्पकारालाही त्याचा अंदाज हवा. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब मिळतो: ४४ चा वर्ग १,९३६, गुणिले ०.६ म्हणजे सुमारे १,१६० न्यूटन, अर्थात दर चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास जोर. समजा शिल्प दीड मीटर रुंद, तीन मीटर उंच आणि एक मीटरच्या चौथऱ्यावर आहे. साडेचार चौरस मीटरवर सुमारे ५३० किलोचा जोर जमिनीपासून अडीच मीटर उंचीवर लागतो. पाया ६० सेंटिमीटर जाड असेल तर त्याच्या तळापाशी उलटवणारा घात (जोर गुणिले उंची) सुमारे १,६५० किलो-मीटर होतो. १.८ मीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड काँक्रीटचा ठोकळा साडेचार टनांहून अधिक भरतो आणि नुसत्या वजनाने सुमारे ४,२०० किलो-मीटर प्रतिकार करतो. आकाराप्रमाणे, उंचीप्रमाणे आणि भोवतालच्या मोकळ्या रानाप्रमाणे यात गुणक लागतात, म्हणून हा हिशेब अंतिम नाही. पण ‘पाया जरा लहान केला तर चालेल का’ या प्रश्नाला उत्तर देण्यापुरता तो पुरेसा आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यानंतर तरी सांगाड्याचे रेखाचित्र आणि संरचना अभियंत्याची सही यांशिवाय कोणतेही काम सुरू होऊ नये.

आतील सांगाडा स्टेनलेस पोलादाचा असावा. कांस्य आणि साधे लोखंड एकमेकांना टेकवले की ओलाव्यात लोखंड झपाट्याने गंजते, आणि ते आत घडत असल्याने बाहेरून दिसत नाही. जिथे दोन धातू भेटतात तिथे नायलॉन किंवा निओप्रीनची चकती द्यावी. नांगर-बोल्ट (अँकर बोल्ट) साच्याच्या पट्टीने नेमके बसवून काँक्रीट ओतावे, मागाहून भोके पाडून रसायनाने बसवण्याची वेळ आणू नये. लांब सलग धातूला उष्णतेने वाढायला जागा ठेवावी: सहा मीटरची लोखंडी पट्टी हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांच्या दरम्यान चार-साडेचार मिलिमीटर लांबते, आणि दोन्ही टोके घट्ट जखडली असतील तर ती वाकते. पोकळ शिल्पाच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे ठेवावीत आणि त्यांना बारीक जाळी लावावी. जाळी विसरलात तर आत मधमाश्या किंवा गांधीलमाश्या घर करतात, आणि मग केंद्राला आपल्याच अंगणातील वर्दी घ्यावी लागते. उंच धातुशिल्पाला अर्थिंग द्यावेच; मृगाच्या सुरुवातीला इथे विजा कशा पडतात हे सांगण्याची गरज नाही.

सातवी पायरी: परवानगी, पैसा आणि करार

सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ता, पदपथ आणि तत्सम सार्वजनिक वापराच्या जागी पुतळे उभारण्यास परवानगी देता येत नाही. म्हणून शिल्प केंद्राच्या कुंपणाच्या आतच असावे आणि आखणीच्या नकाशावर हद्दरेषा स्पष्ट दाखवावी. राष्ट्रपुरुष वा थोर व्यक्तीचा पुतळा असेल तर राज्य शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जिल्हाधिकारी पातळीवरील परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. अनामिक हातांच्या, साधनांच्या किंवा गाठीच्या शिल्पाला हा मार्ग चालावा लागत नाही; तरीही सर्वसाधारण सभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी यांचे कागद पूर्ण असावेत.

पैशाच्या बाजूने सर्वांत मोठी अडचण अशी की दरसूचीत, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरांच्या यादीत, शिल्पाचा दर नसतो. यावर उपाय म्हणजे काम दोन भागांत मांडणे: पाया, चौथरा, फरशी आणि वीज यांचे अंदाजपत्रक दरसूचीप्रमाणे, आणि कलाकृती स्वतंत्र. कलाकृतीसाठी रक्कम आधी जाहीर करून त्या रकमेत उत्तम रचना कोण देतो हे पाहावे; सर्वांत कमी दराची निविदा या तत्त्वावर शिल्प घेतले की फायबरच मिळते. निवडक तीन-चार शिल्पकारांना नमुना करण्याचे मानधन द्यावे. फुकट नमुने मागवले की जुनेच साचे नव्या नावाने येतात. देयकाचे हप्ते नमुना, मातीचे पूर्ण माप, ओतकाम आणि उभारणी अशा टप्प्यांना बांधावेत, आणि मातीच्या टप्प्यावर समितीने प्रत्यक्ष कार्यशाळेत जाऊन सही करावी. ओतकाम झाल्यावर ‘चेहरा थोडा हसरा करा’ म्हणण्याला अर्थ नसतो.

करारात शिल्पकाराच्या हक्कांचे कलम घालावे. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे कलाकृती विकली तरी तिची मोडतोड होऊ न देण्याचा शिल्पकाराचा अधिकार राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले, तेव्हा याच कलमाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. केंद्र उद्या वाढवावे लागले, गाळा वाढला, शिल्प हलवावे लागले, तर ते कोणाला विचारून, कोणाच्या खर्चाने आणि कसे हलवायचे, हे आजच लिहून ठेवावे. याच कारणाने शिल्प बोल्ट सोडवून उचलता येईल असे करावे आणि उचलण्याची कडी कुठे आहेत, हे रेखाचित्रात दाखवावे.

आठवी पायरी: उभारणी, उजेड आणि फलक

उभारणी दिवाळीनंतर करावी. जमीन स्थिर झालेली असते आणि क्रेनचा पाय चिखलात रुतत नाही. क्रेन अंगणात असेपर्यंत बंब बाहेर रस्त्याच्या कडेला, तोंड रस्त्याकडे करून उभा ठेवायचा, हे केंद्रप्रमुखांसोबत आदल्या दिवशी ठरवावे. दिवे जमिनीतून वर मारू नयेत, ते चालकाच्या डोळ्यांवर येतात. इमारतीच्या छज्ज्यावरून खाली सौम्य उजेड पुरतो. लाल आणि निळा रंग दिव्यांत वापरू नये, ते रंग गाडीचे आहेत.

अनावरणासाठी १४ एप्रिल सुचवला जाईल. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते, गावातून मोठी मिरवणूक निघते आणि केंद्राची माणसे बंदोबस्तावर असतात. मानवंदना सकाळी सातला उरकावी किंवा १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहातील दुसरा दिवस घ्यावा.

फलकाबाबत माझा थोडा हट्ट असतो. मान्यवरांच्या नावांची कोनशिला इमारतीच्या भिंतीवर लावावी. शिल्पाच्या चौथऱ्यावर शिल्पाचे नाव, वर्ष, माध्यम, शिल्पकार व ओतकाम करणारे कारागीर यांची नावे आणि मोठ्या अक्षरांत ‘१०१’ एवढेच असावे. कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या जवानांची नावे कोरायची असतील तर कुटुंबीयांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या लेखनाप्रमाणे कोरावीत.

नववी पायरी: देखभाल

शिल्प धुण्यासाठी बंबाचा झोत वापरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. मोह स्वाभाविक आहे, पण त्या दाबाने कांस्यावरील रंगछटा निघते आणि सांध्यांत पाणी शिरते. बादली, मऊ फडके आणि साधा साबण पुरतो. बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात, म्हणून धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसावे, नाहीतर पांढरे डाग धरतात. कांस्याला वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मेणाचा पातळ हात द्यावा. मे महिन्याच्या अखेरीस बोल्ट, पाझराची छिद्रे, जाळ्या आणि अर्थिंगची तार तपासावी. चौथऱ्याभोवती नवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही काठांवर खूण करून तारीख लिहावी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावे.

या कामाला माणूस नेमलेला नसेल तर ते होत नाही. शिल्पाची नोंद मालमत्ता नोंदवहीत करावी, वार्षिक अंदाजपत्रकात लहानशी का होईना तरतूद धरावी आणि सांगाड्याची रेखाचित्रे, मेणाचा प्रकार, बोल्टची मापे व शिल्पकाराचा पत्ता असलेली एक फाइल केंद्राच्या वर्दी घेण्याच्या टेबलाजवळ ठेवावी. त्याच फाइलमध्ये पहिल्या दिवशीचा, फक्कीने आखलेल्या चाकांच्या वाटांचा नकाशाही लावावा. चार वर्षांनी कोणीतरी शिल्पाभोवती कारंजे किंवा कुंड्यांची रांग मंजूर करून आणील, तेव्हा चालकाला तो नकाशा दाखवता येईल.